जावईबापू सक्करदऱ्याला येत तेव्हा

नवऱ्याचं घर सोडून मी कळमेश्वरहून नागपूरला आले, तेव्हा माझ्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. विहिरीवर पाय घसरला, असं मी सांगायची. सगळे विश्वास ठेवायचे, कारण ते सोयीचं होतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तिथल्या सक्करदरा भागात एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरामागची खोली मला भाड्याने मिळाली, आणि त्यांच्याच शब्दावर शाळेत शिकवायचं कामही.

महिन्याभरात नवऱ्याने पत्ता शोधला. दर रविवारी सकाळी तो कडक इस्त्रीचे कपडे घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन यायचा. संत्री शेजाऱ्यांना वाटायचा, हेडमास्तरांच्या पाया पडायचा. ते त्याला ‘जावईबापू’ म्हणू लागले.

“एवढा नम्र माणूस! तू काहून रुसून राहिली बाई?” ते मला विचारत.

माझ्याजवळ आले की जावईबापू आवाज खाली आणत. “अजून एक हात शाबूत आहे तुझा,” असं हसत हसत म्हणत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, लाडीगोडी चालली आहे.

हे ओळखलं एकाच बाईने. समोर राहणाऱ्या नर्सबाई एके दिवशी माझं प्लास्टर बघून म्हणाल्या, “पडून मोडलेले हात मी लई पाह्यले. खरं सांग, कोणं पिरगाळला?”

मी पहिल्यांदा खरं बोलले. त्यांनी हळहळ केली नाही. औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं, “त्याले खोलीत घ्यायचं नाही. बोलाचंच असंन त बाहेर, लोकाईच्या देखत. शाळेतून रोज एकाच रस्त्यानं यायचं नाही. दवाखान्याचा कागद अन् तुह्ये सर्टिफिकेटं माह्या पेटीत ठेव.”

तेव्हापासून मी शाळेत मुलांना सरळ रेघा मारायला शिकवायची आणि स्वतः वाकड्या गल्ल्यांनी घरी यायची.

शेवटी हेडमास्तरांनी समेट घडवायचं मनावर घेतलं. एका रविवारी त्यांच्या ओसरीवर मोहल्ल्यातले दोन प्रतिष्ठित गृहस्थ, चहा, चिवडा असा थाट जमला. नर्सबाई माझ्याशेजारी बसल्या, दोघी दाराजवळ. नवरा अर्धा तास स्वतःच्या प्रेमाबद्दल बोलला. माना डोलत होत्या. मग हेडमास्तर माझ्याकडे वळले, “तुले काय म्हणायचं आहे?”

मी दवाखान्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. मी घसरल्याचं सांगितलं असलं, तरी हात पिरगाळल्यामुळे मोडला, असं डॉक्टरांनी त्यात लिहिलं होतं. नवरा कागद हिसकायला झेपावला. हेडमास्तरांनी त्यावर तळवा ठेवला. “थांबा जावईबापू, वाचू द्या मले.”

त्याचा हात उठला. हेडमास्तरांची टोपी चिवड्यात जाऊन पडली.

मग गालावर हात धरून हेडमास्तर माझ्याकडे बघत म्हणाले, “अवं, हा त मारते!”

“हेच त सांगून राहिली ते, गुरुजी,” नर्सबाई म्हणाल्या.

पाच वर्षं मी खाल्लेला मार हे भांड्याला लागलेलं भांडं होतं. हेडमास्तरांना बसलेली एक थप्पड हा गुन्हा ठरला. ज्या ठाण्यात पूर्वी नर्सबाईंबरोबर गेले तेव्हा मला ‘घरी जाऊन समजुतीनं घ्या’ असं सांगितलं होतं, तिथे त्या दिवशी पंधरा मिनिटांत तक्रार घेतली. हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरातल्या दीड पानी अर्जात माझा मोडलेला हात शेवटच्या ओळीत आला. पण आला. नवऱ्याला दम भरला गेला आणि त्याचं येणं थांबलं.

एका अबलेला वाचवण्यासाठी आपण गुंडापुढे छाती काढून कसे उभे राहिलो, हे हेडमास्तर पुढे येईल त्याला ऐकवत. मला राग यायचा.

“सांगू दे वं,” नर्सबाई म्हणत. “जेवढे कान ऐकतीन, तेवढे डोये तुह्यावर ठेवतीन.”

घटस्फोटाला तीन वर्षं लागली. हेडमास्तर साक्षीला आले होते. समोरच्या वकिलाने विचारलं, “यांनी बायकोला मारल्याचं तुम्ही कधी पाहिलं होतं का?”

मला वाटलं, आता छाती काढून उभे राहण्याची कथा सुरू होणार. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“नाही,” ते म्हणाले. “तिचा मोडका हात रोज दिसत होता. मीच कधी विचारलं नाही.”

बाहेर नर्सबाई माझी वाट बघत उभ्या होत्या. हेडमास्तरांनी त्यांना वाकून नमस्कार केला.