मैनाबाईच्या दाराची कडी

मी नागपूरच्या सचिवालयात दफ्तरी होतो. दिवसभर फायली शिवायच्या अन् संध्याकाळी आळीतल्या लोकांच्या मोडक्या खाटा, लंगडे पाट नीट करून द्यायचे. बायको म्हणे, कोणी विचारलं नाही तरी तुम्ही हातोडी घेऊन पुढं. खरंच होतं ते. मले आपल्या अकलेचा भारी गर्व. मैनाबाईचं दार मी त्याच अकलेनं पक्कं केलं होतं.

मैनाबाई कोष्टीण. तांडापेठेत तिची खोली अन् आमची खोली, मधात एक भिंत. नवरा लग्नानंतर पाचव्या वर्षी गेला, लेकरूबाळ नाही. खोलीत अर्ध्याहून जास्त जागा मागानं खाल्लेली, उरलेल्या जागेत चूल, पेटी अन् ती. इतवारीतल्या व्यापाऱ्याचा माणूस सूत-रेशीम आणून टाके, झालेलं लुगडं घेऊन जाई. सकाळी आमची झोप मोडे ती तिच्या मागाच्या खटक-खटकीनं. तोंडानं फटकळ बाई. माझी बायको आजारी पडली तेव्हा मात्र सतरा दिवस आमची चूल तिनंच पेटवली, अन् वर म्हणे, "आभार मानसान तर भाकर वापस घेईन."

तिचं म्हणून एकच माणूस होतं, धाकटा भाऊ शालिकराम. भिवापूरचा. बापानंतर त्यानं माग मोडला अन् तिकडंच मिरचीची शेती धरली. दरसाल माघात तो नव्या मिरचीची पोतडी खांद्यावर घेऊन येई. हाक-बिक मारत नसे. बाहेरच्या कडीले दोन झटके देई, जरा थांबून तिसरा. लोखंडाचा आवाज तो, मागाच्या आवाजात मिसळत नाही. भिंतीपलीकडून मले ऐकू येई, मागाचा धोटा जागच्या जागी थांबला. मग मैनाबाईचा आवाज, "आला काय गा?" जशी काही ती वर्षभर दाराशीच बसून होती.

छप्पनच्या माघात मात्र दोघं भांडले. तो म्हणे, "बाई, एकटी काय करून राहिली इथं? चाल भिवापूरले." ती म्हणे, "भावजयीच्या चुलीपाशी पोतेरं होऊन बसू काय? माझ्या हाताले काम आहे अजून." बोलाले बोल वाढला. तो ताटावरून उठला. न जेवता गेला. ती तशीच वाढलेल्या ताटासमोर बसून राहिली अन् संध्याकाळी ते ताट गायीले घातलं. असे दोघं एका मातीचे.

त्याच साली नागपूरची राजधानी गेली. सरकारनं बाडबिस्तरा भोपाळले हलवला अन् आमच्यासारखे लोक त्याच्यामागं. आम्ही भाड्यानं राहत होतो त्या घरात आठ खोल्या. त्यातल्या सहा सरकारी माणसांच्या. दिवाळीआधीच एकेक खोली रिकामी व्हायले लागली. जिथं चोवीस तास कोणी ना कोणी ओट्यावर बसलेलं राहे तिथं कुत्रं बसायले लागलं. तोपर्यंत दाराचा विचार कोणी केला नव्हता. कशाले करन? माणसं होती तेच कुलूप होतं.

मले हुकूम आला, पंधरा दिवसांत निघा. अन् त्याच आठवड्यात मैनाबाईचा पाणी भरायचा पितळी गुंड चोरीले गेला. ओट्यावर घासून पालथा घातला होता. भरदिवसा तिले खडखड ऐकू आली, दार ओढलं तर बाहेरून कडी चढवलेली. मागचं दार मागच्या बोळीत निघे. तिकडून वळसा घालून येईपर्यंत पुढं सामसूम.

गुंडाचं तिले दुःख नव्हतं. मागावर व्यापाऱ्याचं रेशीम होतं. ते गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामही गेलं असतं, अन् काम गेलं की मग भिवापूरच. माझ्यापाशी येऊन ती म्हणे, "महादेवराव, तुम्ही आता चालले. जाण्याआधी दाराचं काही करून द्या. पण पैसे नाहीत जी माझ्यापाशी."

दार मी पाहिलं. सागवानी, जाड, दोन फळ्यांचं. लाकडाले काही झालं नव्हतं. बिघडलं होतं लोखंड. आतली कडी आधीच्या भाडेकरूनं जाताना उपटून नेलेली, नुसती भोकं राहिलेली. रात्री ती दाराले मुसळ टेकवून झोपे. नवी कडी घ्यायची तर तिच्या पदराले झेपत नव्हती. शिवाय आमचे मालक दत्तोपंत. महाल भागात राहत, भाड्याच्या दिवशी येत. त्यांचं म्हणणं ठरलेलं, माझ्या दाराले नवं भोक पडलं की खोली खाली.

मी ओट्यावर बसून एक विडी ओढली अन् माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेरची कडी काय कामाची? बाई जाते-येते मागच्या दारानं, कुलूपही तिकडंच. बाहेरची कडी फक्त चोराच्या सोयीची. तीच उपटायची अन् आतल्या जुन्या भोकांत बसवायची. नवं भोक नाही, नवं लोखंड नाही, दत्तोपंतांले तोंड उघडायले जागा नाही. सैल भोकांत बांबूच्या खपच्या ठोकल्या. बिजागरीचे हलते खिळे काढून लांब ठोकले, टोकं आतून वळवली. दोन तासांचं काम. मग मैनाबाईले म्हटलं आतून लाव, अन् मी बाहेरून खांद्यानं धडक देऊन पाहिली. दार हललं नाही. बाहेरून सगळी गुळगुळीत फळी, धरायले काही नाही. मी आपला खूष. जाताना बायकोले म्हटलं, पाहा, बिनपैशात किल्ला करून दिला.

उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

भोपाळात आमचं काही खरं नव्हतं. पाणी वेगळं, बोली वेगळी, शेजारी कोण ते महिनाभर माहीत नाही. सकाळी जाग आली की मी भिंतीकडं कान देई अन् मग आठवे, इथं माग नाही. शिमग्याले रजा काढून मी नागपूरले आलो. आमचं जातं जड म्हणून मैनाबाईपाशी ठेवलं होतं, ते न्यायचं होतं.

मागच्या बोळीतून घरचीच माणसं जात. मी आता पाहुणा, म्हणून पुढच्या दारानं गेलो. आतून खटक-खटक ऐकू येत होती, बरं वाटलं. दाराशी उभं राहून सवयीनं हात वर नेला कडीले. हात हवेतच राहिला. तेव्हा आठवलं, ते तर आपणच काढली. बोटांनी ठोकलं. थाप मारली. "मैनाबाई, ओ मैनाबाई." माग आपला चालूच. माझं नशीब चांगलं, धोट्यातली सुताची कांडी संपली. माग थांबला तेवढ्यात मी पुन्हा हाक मारली. पावलं वाजली. आतून विचारलं, "कोण आहे जी?" मी नाव सांगितलं तरी कडी निघायले वेळ लागला.

चार महिन्यांत बाई निम्मी झाली होती. चहा ठेवला. जात्यावरचं फडकं काढलं. बोलली थोडं. मी विचारलं, "यंदाची मिरची कशी आहे भिवापूरची?"

"आला नाही तो," ती म्हणे. "माघ गेला, शिमगा आला. एका भांडणात मी मेली त्याच्यासाठी. मले वाटे, कितीही झालं तरी येईन. पूर्ण माघ मी पुरणाची डाळ निवडून ठेवली होती." मग तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मी पहिल्यांदा तिले रडताना पाहिलं. मी आपला चहा पीत बसलो.

बाहेर निघालो तर समोर कडुनिंबाखाली रंभाबाई फुटाणे विकत बसलेली. पूर्वी दोघींचं दिवसातून दहादा बोलणं होई. आता मैनाबाईचं पुढचं दार बंद अन् जाणं-येणं मागून, गाठच पडत नसे. रंभाबाईनं मले पुडी बांधून दिली अन् म्हणे, "तुमाले बरं उघडलं जी. भावाले नाही उघडलं."

मी म्हटलं, "कोण्या भावाले?"

"कोण्या म्हणजे? तो भिवापूरवाला. माघातच आला होता. पोतडीतल्या मिरचीनं मले इथं ठसका लागला. तीनदा थाप मारली त्यानं. मग ओट्यावर बसला, दुपारपर्यंत बसला. पाणी देऊ काय म्हटलं तर नको म्हणे. मग उठला अन् पोतडी उचलून गेला."

"मग तू मैनाबाईले सांगितलं काहून नाही वं?"

"मले वाटलं मुद्दामच उघडलं नाही. भावा-बहिणीच्या भांडणात मी काहून पडू?"

फुटाणे माझ्या हातातच राहिले. मैनाबाईले तेव्हाच सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी इतवारीतून छोट्या लाइनची गाडी पकडली अन् भिवापूर गाठलं.

शालिकराम खळ्यावर मिरच्या उलथवत होता. चारही बाजूंनी लाल अन् डोळ्यांले झोंबणारं. मी नाव सांगितलं, बाजूच्या खोलीतला म्हणून ओळख दिली. त्यानं बस म्हटलं नाही.

"बाईनं पाठवलं काय?"

"नाही. तिले माहीतच नाही तुम्ही येऊन गेलात ते. मागाच्या आवाजात ऐकू आलं नाही तिले."

"कोष्ट्याचा पोरगा आहे जी मी," तो म्हणे. "मागापुढं थाप ऐकू येत नाही ते मले कळते. म्हणून तर कडी वाजवतो. कडीच नव्हती. अठरा वर्षं वाजवली ते कडी तिनं उपटून घेतली. भावानं वाजवू नये म्हणूनच ना?"

"ते मी उपटली," मी म्हटलं. "चोराच्या भीतीनं. पैसे नव्हते म्हणून तीच आत लावली. तिचा काही गुन्हा नाही."

त्यानं हातातली मिरची ढिगावर टाकली. मग म्हणे, "कांडी संपली की माग थांबे. ओट्यावर बसून मी ऐकून राहिलो होतो. चार-पाचदा थांबला. तेव्हा एक हाक मारली असती तर उघडलं असतं तिनं. पण मले वाटलं, आता तिनंच उघडावं. आपण काय मागच्या दारानं जाऊ?" असं म्हणून तो पुन्हा मिरच्या उलथवायले लागला. निघताना मी विचारलं, "मग येता ना?" तो म्हणे, "पाहू. मिरचीचा तोडा होऊ द्या."

परत येऊन मी मैनाबाईले सगळं सांगितलं. मले वाटलं शिव्या देईन. द्यायले पाहिजे होत्या. तिनं एवढंच विचारलं, "किती वेळ बसला होता?" दुपारपर्यंत, मी म्हटलं. "त्या दिवशी दुपारी मी काय विणत होती," असं स्वतःशीच पुटपुटली. मग उठली अन् तिच्यापाशी राहून गेलेली माझीच जुनी पक्कड माझ्यापुढं ठेवली. "महादेवराव, ते कडी होती तिथं लावून द्या."

"अन् चोर?"

"चोर फार तर पुन्हा एखादा गुंड नेईन. मुसळ आहे माझ्यापाशी."

कडी मी बाहेर लावून दिली. तेल घातलं, वाजवून पाहिली. जातं बैलगाडीवर चढवेपर्यंत ओट्यावर बसलो होतो, तेव्हा ऐकू आलं. खटक-खटक चाले अन् मधातच बंद. कांडी संपायची वेळ नव्हती. पाच-सहा श्वासांइतकं थांबे, पुन्हा चाले. मी डोकावून पाहिलं. मैनाबाई धोट्याची दोरी धरून तशीच बसली होती, मान दाराकडं. वीतभर विणायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा विणायचं. कडी बाहेर लावली तरी तिचा आता कडीवर भरवसा राहिला नव्हता. हाक मारणाऱ्याले शांत जागा पाहिजे म्हणून ती माग बंद करून राहिली होती.

पुढच्या माघात कडी वाजली, असं तिनंच मले नंतर सांगितलं. धोटा टाकून पळाली. दारात एक गाडीवान उभा होता, मिरचीची पोतडी घेऊन. "शालिकरामनं दिली," म्हणे. "तो कुठी आहे?" "घरी." भाऊ आला नाही, मिरची आली. त्याच्या पुढच्या सालीही मिरचीच आली. तिनं त्या मिरच्या खाल्ल्या, रंभाबाईले दिल्या, अन् दर खेपेले गाडीवानाले पोटभर जेवू घालून पाठवलं.

साठ साली मी गेलो तेव्हा ती अजून विणत होती. माझ्या बायकोसाठी तिनं एक लुगडं दिलं, रेशमी काठाचं. मी म्हटलं, एवढं भारी काहून? म्हणे, "व्यापाऱ्यानं वापस केलं जी. रेघा दिसतात म्हणे. माग मधात थांबला की वीण तशी बसत नाही."

भोपाळात बायकोनं ते लुगडं दोरीवर टाकलं अन् मी त्याच्या मागं उन्हात उभा राहिलो. वीतभर कापड, मग एक बारीक रेघ. पुन्हा वीतभर, पुन्हा रेघ. दर रेघेपाशी मैनाबाई थांबली होती. मी एका टोकापासून रेघा मोजायले घेतल्या, अन् पदराच्या आधीच सोडून दिलं.