शेवटचं चित्र

पिशोरच्या एसटीत ती बहुतेक रोज माझ्या शेजारी असायची. मी तिथल्या शाळेत मास्तर. ती घरोघरी जाऊन आयाबायांना आरोग्याची माहिती सांगणारी. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिच्या मांडीवर सुतळीनं बांधलेली चित्रांची मोठी वही असे. त्यात लेकराचे जुलाब, मीठ-साखरेचं पाणी, आणि सगळ्यात शेवटी गुटगुटीत, हसरं बाळ. उतरण्याआधी ती सुतळी सोडून ते शेवटचं पान तेवढं पिशवीत ठेवायची.

एकदा मी न राहवून विचारलं, "मॅडम, एवढं गोड चित्र लपवता कशाला?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नवी होते, सर. ट्रेनिंगात सांगितलेलं, सुरू केलं की शेवटच्या चित्रापर्यंत मधी थांबायचं नाय. एका घरी तसंच केलं. बाई गप ऐकत होती. शेवटचं चित्र उलटलं, तवा सासू बोलली, हिचं लेकरू परवाच जुलाबानं गेलं."

मी तिच्या मांडीवरच्या वहीकडं बघितलं.

"आता आधी घरातलं विचारते, मग वही उघडते. बोलायचं लई शिकवलं हो आम्हाला. अशा घरात गप कसं बसायचं, ते कुणीच नाय शिकवलं."

"आणि ती बाई? ती काय म्हणाली?"

"काय नाय. पदरानं त्या चित्रातल्या बाळाचं तोंड पुसलं."