पांढरीचा डावा पाय

"बंबलफूट," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पांढरीला उताणी धरले होते आणि तिच्या डाव्या पायाचा तळवा माझ्याकडे वळवला होता. मधोमध मसुराएवढी काळी खपली होती. भोवतीची गादी सुजून तापली होती.

बंबलफूट म्हणजे पक्ष्याच्या तळपायात होणारा जंतुसंसर्ग. बारीक जखमेतून जंतू शिरतात, आत पू साठतो, वर काळी खपली धरते. ती चिखलाच्या डागासारखी दिसते. आठ दिवस मला ती दिसलीच नाही, कारण तळवा उलटून पाहण्याचे मला सुचले नाही.

"हाडापर्यंत गेलं, तर माझ्याही हातात काही राहणार नाही," त्या म्हणाल्या.

पांढरी हे आमचे बदक. माझी पत्नी रोझी तिला तसे म्हणते; वेगळे नाव ठेवलेले नाही. मालवणजवळ खाडीच्या काठी आमचे घर आहे. पाच बदके आहेत. मी भूमापक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. ज्यांचे बदक लंगडू लागले आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. शेजाऱ्यांचे सल्ले ऐकण्यापूर्वी त्यांनी हे वाचावे.

डिसेंबरच्या आरंभी ती रांगेत मागे पडू लागली. दोन दिवसांनी बसूनच खाऊ लागली. पाय मुरगळला असेल, असे धरून मी रोज कोमट खोबरेल चोळले. तेलाने कातडी मऊ पडली आणि घाण आत जाण्यास वाट झाली. पुढे माझ्या गुडघेदुखीची गोळी चुरून तिला देणार होतो. रोझीने हात धरला. माणसाची वेदनाशामक गोळी बदकाचा जीव घेऊ शकते, हे डॉक्टरबाईंनी नंतर सांगितले. रोझीने मला त्याची आठवण अद्याप करून दिलेली नाही. ती वाट पाहत असावी.

त्या रविवारी रोझीचा भाऊ पास्कू आला. तो रिक्षा चालवतो. पांढरीकडे पाहून म्हणाला, "भावजी, नाताळ पंधरा दिसांवर इलो. रश्शात पडल्यावर खंयचो पाय लंगडो, तां कोण इचारता?"

आमच्याकडे नाताळला बदक कापतात. मीही खाल्ले आहे आणि त्याचा मला संकोच नाही. परंतु आजारी पडले म्हणून कापायचे, हे मला मान्य नव्हते. मी त्याला म्हणालो, "ती खाता, आरडता. तिका मरूक कारण काय?" आणि दुसऱ्या दिवशी रोझीने आणि मी त्याच्याच रिक्षातून तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले.

बाकावर आमच्या आधी दोन बकऱ्या आणि एक कुत्रा होता. टोपलीतले बदक पाहून लोक हसले. त्यांना हसू दिले.

तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी सिरिंज बाजूला ठेवली आणि विचारले, "खायला पाळली आहे का? प्रतिजैविक दिलं, तर औषध अंगातून पूर्ण जाईपर्यंत मांस नाही, अंडीही नाहीत. नाताळ त्यातच येईल. आताच ठरवा."

"द्या," मी म्हणालो.

दारातून पास्कूचा आवाज आला, "झाला. नाताळ डॉक्टरबाईन खाल्लो."

तळवा बधिर करून त्यांनी खपली काढली. बदकाचा पू पातळ नसतो. पनीरसारखा घट्ट गोळा असतो. तो घरी दाबून काढू नये, संसर्ग खोल जातो. गोळ्याच्या आत तांदळाच्या कणीएवढे काहीतरी पांढरे निघाले. रोझीने ते तळहातावर घेऊन उजेडात धरले.

"ही शिंपली कोणी फोडल्यान, सांगा."

तिला ठाऊक होते. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, खाऊन झाल्या की रिकाम्या शिंपल्या माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात टाकण्याची आमच्याकडे रीत आहे. पावसाळ्यात आरोग्यसेविका आली होती. शिंपल्यांत पाणी साठते, त्यात डास होतात, असे तिने सांगितले. वाडीतल्या लोकांनी मान डोलावून विषय सोडला. मी हातोडा घेऊन सगळ्या शिंपल्या फोडल्या आणि आळ्यांत सारख्या पसरल्या. कामात कसूर नव्हती. त्याच ओल्या आळ्यांत बदके किडे शोधतात, हे मात्र मी लक्षात घेतले नाही. चूक माझी होती. पाय तिचा गेला असता.

यानंतरचा क्रम रोजचा होता. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, कोमट पाण्यात विरघळवून दहा मिनिटे पाय बुडवायचा. ते पाणी तिला पिऊ द्यायचे नाही. पाय कोरडा करायचा, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचे, गॉज ठेवून पट्टी बांधायची. पट्टी सैल नको आणि आवळही नको. बोटे सुजली तर सोडून पुन्हा बांधावी. एकट्याने हे होत नाही. रोझी तिला पंच्यात गुंडाळून मांडीवर धरत असे, मी बांधत असे. पडवीत पेंढ्याचे जाड अंथरूण केले. तो पेंढा दिवसातून दोनदा बदलला. एकटी ठेवली तर ती खाईना, म्हणून दुसरे बदक सोबत ठेवले. वाडीतले लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. मी त्यांना बसा म्हणालो नाही.

मी तळव्याभोवती दोरा गुंडाळून सूज मोजत होतो. सहाव्या दिवशी दोरा तसूभरही ढिला नव्हता. पुन्हा दवाखाना. डॉक्टरबाईंनी जखम परत साफ केली, औषध बदलले आणि म्हणाल्या, "सूज पायात वर चढली, तर..."

मी त्यांना वाक्य पूर्ण करण्यास सांगितले.

"तर तिला त्रास न होता झोपवावं लागेल."

"अजून चढलेली नाही," मी म्हणालो आणि टोपली उचलली.

परतताना पास्कूने रिक्षा सावकाश चालवली. त्याने खड्डे चुकवले. एरवी चुकवत नाही.

नवव्या दिवशी दोरा थोडा ढिला पडला. मी दुसरा दोरा घेऊन पुन्हा मोजले. तोही ढिला होता. नाताळच्या सकाळी प्रार्थना आटोपून परतलो, तेव्हा ती पडवीत दोन्ही पायांवर उभी होती. पट्टीतला पाय सपाट टेकलेला होता. रोझीने पदर डोळ्यांना लावला. मी दोरा आणला. त्या दिवशी घरात कोंबडी शिजली.

जखम भरल्यावर डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून तिला स्वच्छ पाण्याच्या टाकीत रोज थोडा वेळ सोडू लागलो. पाण्यात पायावर भार येत नाही आणि स्नायू चालते राहतात. चाल किंचित तिरकी राहिली आहे. ती तशीच राहील, असे डॉक्टरबाई म्हणतात. राहू दे.

वाचणाऱ्यांनी एवढे करावे. दर आठवड्याला प्रत्येक बदकाचा तळवा उलटून पाहावा. आळी आणि अंगण झाडून काढावे. मी माझी आळी चाळून घेतली, दोन दिवस लागले. लहान पिल्ले लंगडत असतील तर कारण वेगळे असू शकते. त्यांना नायसिन, म्हणजे एक जीवनसत्त्व, कमी पडले की पाय वाकतात, आणि नुसत्या भातावर वाढवलेल्या पिल्लांत हे घडते. अंदाज करू नये. दवाखान्यात जावे आणि तिथे कोणी हसले तर हसू द्यावे. आयुष्यभर मी जमीन उभ्याने मोजली. आता वाकून, पायाखाली काय आहे ते पाहतो. डॉक्टरबाईंचे आभार त्यांना समक्ष भेटून मानले आहेत.

औषधाची मुदत संपल्यावर पास्कू आला. पडवीत बसून त्याने पांढरीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आता खाऊक चलता मा?"

"चलता," मी म्हणालो, आणि आत जाऊन तिचे त्या सकाळचे अंडे उकडून त्याच्यापुढे ठेवले.

त्याने सोलले, मोडून पाहिले, मग मीठ मागितले. मी दिले.