नेलपॉलिश लावलेला मासा

नेलपॉलिशचा वास आला की माझी बोटं अजून चिडतात. रेवदंड्याच्या खाडीत जिताडा हा मोठा मासा लागावा म्हणून बाबा आणि मी गळाला बोकडाचे पांढरे केस बांधून खोटा बोय मासा करायचो. गाठ सुटू नये म्हणून वर माझं नेलपॉलिश लावायचो.

एका दुपारी चौथ्या खेपेला बांधलेला मासा अगदी जिवंत दिसत होता. बाबांनी तो बादलीत ओढून पाहिला. केस चिकटून नुसती वात झाली. त्यांनी ब्लेडने सगळं कापून टाकलं.

"मासा पान्यात बघायचा, हातात न्हाय. परत बांध."

"भरती निघून जाईल, बाबा!"

"जाऊ दे."

आज, इतक्या वर्षांनी, माझ्या पाचव्या माशाचीही बादलीत वात झाली. ब्लेड मीच उचललं. बाबा असते, तर निदान त्यांच्यावर ओरडता तरी आलं असतं.