खाली सायकल

आमच्या काकांना रिकामी सायकल बघवत नसे. सायकल त्यांनीच घेऊन दिली होती, हे मान्य. अटही त्यांचीच होती. हिवाळ्यात खंडव्याच्या मैदानावर डिप्टीसाहेबांसमोर सायकलच्या शर्यती होत. त्यात मी पहिला आलो तर सायकल माझी, आणि मी पुढं नागपूरच्या शर्यतींना जायचं. नाही आलो तर ती बुधवारा बाजारातल्या आमच्या कापडदुकानाची, फेरीच्या कामाला. मला दुकान नको होतं. मला ती सायकल हवी होती.

होळीनंतर शर्यती बंद होत, त्या थेट दिवाळीपर्यंत. मधले महिने पाय रस्त्यावर घडवायचे, असं भुसावळच्या एका जुन्या शर्यतवाल्यानं मला बजावलं होतं. लांब जा, पण हलका जा. पाय भरभर फिरायला शिकू देत, जोर मागून येतो. म्हणून मी तुकईथडचा रस्ता धरला. तिथं आत्याचं घर होतं, दुपारी टेकायला ओटा होता.

पहिल्याच पहाटे काका लुगड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभे.

"तुकईथडला जाऊनच राहिला ना तू? मग खाली काहून जातो?"

खाली म्हणजे रिकामा. आमच्याकडे रिकाम्या हातानं कुठं जाणं हे घरच्यांना कमीपणा आणणारं. मी सांगितलं, मला सराव करायचाय. "कर ना, कोण नाही म्हणते," असं म्हणत त्यांनी गाठोडं माझ्या पाठीला बांधलंदेखील. परत निघताना आत्यानं केळी दिली, वर लोणच्याची बरणी. भावाच्या घरी पोराला खाली कसं पाठवू, म्हणाली. मग गल्लीला सुगावा लागला. कुणाचं औषध, कुणाची कढई, कुणाच्या लेकीची चोळी. वैतागून मी चांदनीचा रस्ता धरून पाहिला, तर तिथंही कुणाचे तरी व्याही निघाले. डोक्यात नुसती तिडीक जायची. बरणी फुटू नये म्हणून मी सावकाश पायडल मारायचो. घरी आलो की काका माझी पोटरी दाबून शेजाऱ्यांना म्हणायचे, बघा, काय मजबूत झाली. झालीच होती. बैलाची होते तशी.

खंडव्याला अख्खी गल्ली आली, आत्याही आली. शेवटच्या फेरीला मी दुसरा होतो आणि पहिला अगदी हातभर पुढं होता. पायांत जोर मायंदाळ, पण ते भरभर फिरायलाच तयार नाहीत. कडेला बाकीच्यांची माणसं "हाण, हाण" म्हणून घसा फोडत होती. आणि माझी माणसं, माझे काका, माझी आत्या, जिच्या लेकीची चोळी मी पोचवली ती बाईसुद्धा, जीव तोडून मला सांगत होती, "हळू रे, हळू, पडशील." आजही आठवलं की माझं डोकं तापतं. इतके महिने बरण्या जपलेल्या पायांना ती भाषा बरोबर कळली. मी दुसराच राहिलो.

परतीच्या गाडीत काका खुशीत होते. "दुसरा म्हणजे काय कमी झालं? अन् पडलाही नाही." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. तुमच्या गाठोड्यांनी मला हरवलं, म्हणालो. सायकल गेली माझी. डब्यातली अनोळखी माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

काका चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी थोडा विचार केला आणि मनापासून विचारलं, "पण बेटा, तिथं तर गोल गोल फिरून तिथंच यायचं होतं. जिंकून तू जाणार कुठं होता?"

"नागपूरला," मी म्हणालो.

समोर बसलेल्या आत्याचा चेहरा उजळला. तिची नणंद नागपुरातच राहायची, आणि तिच्यासाठी करून ठेवलेले पापड कधीचे घरात पडून होते.