दाजींचा न दिसणारा उजेड

जगात दिवे लावणारे पुष्कळ आहेत, पण लावलेला दिवा कुणालाच दिसू नये म्हणून आयुष्य झिजवणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नव्वदच्या दशकात ते सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि उरलेला सगळा वेळ कुपवाडला आपल्या थोरल्या भावाच्या शेडमध्ये लेसर करत. भाऊ, म्हणजे आण्णा, पुढच्या अर्ध्या भागात पंपाचे सुटे भाग बनवत; मागच्या अर्ध्यात, पत्र्याच्या भिंतीआड, दाजींची केसाइतकी बारीक काचेची तार वेटोळी घालून ठेवलेली असे. त्या काचेत थुलियम नावाचा दुर्मिळ धातू कणभर मिसळलेला. एका टोकातून साधा लेसर आत सोडायचा, दुसऱ्या टोकातून निराळ्याच जातीचा, जबर ताकदीचा उजेड बाहेर काढायचा आणि त्यानं माणसाच्या पोटातला मूतखडा फोडायचा, असा बेत. अडचण एवढीच, की हा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. "दिसणारा लेसर कुणीबी करंल, त्यात काय मजा?" असं दाजी म्हणत. डोळ्यांना दिसेल असं काहीही करायचं नाही, हा नेम त्यांनी संसारातही कसोशीनं पाळला होता.

धूळ त्यांची जन्माची वैरीण. तारेच्या टोकावर एक कण बसला तरी तार जळते, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं, की आमची पोरं ते परवचा म्हटल्यासारखं म्हणत. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर, केस विंचरायला बंदी. आणि सांगलीसारख्या गावात राहून या गृहस्थानं, चुरा उडतो म्हणून, भडंग घरातून हद्दपार केलेलं! तारेचं टोक ते गुळगुळीत कागदावर आठाच्या आकड्यात तासन्‌तास घासत. हाताला तेच वळण पडल्यामुळे ताटातली आमटीसुद्धा भाकरीनं आठाच्या आकड्यात पुसत. अक्काला तर तिथं पाऊल टाकायची सोय नव्हती. "हिच्या पदरात अख्ख्या कुपवाडची धूळ असती," असं तिच्या तोंडावर सांगत, आणि ती बिचारी दारातूनच डबा आत सरकवी. दिसत नाही तर उजेड आहे हे कळतं कसं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्या चुलतभावाची लग्नपत्रिका टोकासमोर धरली, थोड्या वेळानं तिच्यावर तपकिरी डाग उमटला. "घ्या पुरावा!" डाग नेमका नवरीच्या नावावर पडला होता, आणि लग्न अजून व्हायचं होतं.

शेवटी आण्णांचा धीर सुटला. "लोक इचारत्यात, तुमच्या भावानं काय दिवं लावलं? काय सांगू? खंडेनवमीला चारचौघांत दाव. दिसलं तर शेड तुजी. न्हाई दिसलं, तर दसऱ्याला तितं नवा लेथ बसतोय."

"आवं आण्णा, त्यो दिसत न्हाई. त्याचा धर्मच त्यो हाय."

"माज्या पंपाचं पाणी बरं दिसतंय?"

दाजींचा चेहरा पार उतरला. दुसरी जागा भाड्यानं घ्यायची ऐपत नव्हती. शेड गेली की लेसर गेला.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा पडल्या, हळदीकुंकू झालं. दाजी कामगारांना जाड काचेआड उभं करण्याच्या गडबडीत होते. एवढ्या यंत्रांची पूजा झाली आणि आपल्याच माणसाचं यंत्र तेवढं बोडकं राहिलं, हे अक्काला बघवेना. पदर खोचून, पाय धुऊन ती हळूच आत गेली, हात जोडले आणि तारेच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावून आली.

दाजींनी कळ दाबली आणि जपून जपून ताकद वाढवत नेली. एकाएकी टोकाशी पांढराशुभ्र ठिपका पेटला. तो तारेतून उलटा चालू लागला. एक वेटोळं, दुसरं वेटोळं, असा फिरत फिरत थेट पहिल्या टोकापर्यंत जाऊन विझला. शेड शिट्ट्या-टाळ्यांनी दणाणली. आण्णांनी डोळे पुसले. "आरं, लय भारी! हे आदीच दावायचं न्हाई का गड्या? शेड तुजी!"

 दाजी मात्र मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "टोकाला कुंकू हुतं. ते जळलं, ठिणगी आत शिरली, आन्‌ सगळी तार आतनं फोडत गेली. मेली ती." परदेशातल्या एका मित्रानं नाना खटपटी करून पाठवलेली तार, दुसरी मिळेल याची शाश्वती नव्हती. आता या माणसाचा स्फोट होणार, म्हणून मी मनातल्या मनात कान झाकून घेतले.

तेवढ्यात अक्का आली. बोट अजून लालच होतं.

"आवं, मी हात लावला म्हणून पेटला न्हवं?"

दाजींनी त्या बोटाकडं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले, "तुज्यामुळंच."

दुसरी तार आलीच नाही. आण्णांनी शब्द पाळला, पण त्या खोलीत करायला काही उरलं नव्हतं. अक्का अजून येईल त्या पाहुण्याला त्या दिवसाची हकीकत सांगते, दर खेपेला ठिपका थोडा मोठा करून, आणि जन्मभर आमचं प्रत्येक वाक्य तोडत आलेले दाजी शेजारी बसून मान हलवतात. अशा वेळी थट्टा करायला माझी जीभ वळवळते. पण त्यांच्याकडं बघितलं की मला त्यांची फार माया येते, आणि मी आपला चहा पीत राहतो.