भिंतींना पाजलेलं पाणी

“बादली तिथं ठेवा, मास्तर. आणि जरा मागं व्हा.”

मी मागं झालो. घरमालकीण वकीलीणबाईंनी विहिरीतून ओढलेली घागर उंच धरली आणि माझ्या बादलीत ओतली. ओतली म्हणजे टाकली. निम्मं पाणी बादलीत, निम्मं माझ्या धुतलेल्या पायजम्यावर. शिवी नाही, चढा आवाज नाही. मला ‘अहो’ म्हणाल्या. सगळं रीतसर.

मी “बरं, वहिनी” म्हटलं आणि बादली उचलली.

रोज सकाळी हे असंच व्हायचं. आणि खरं सांगतो, मला राग येत नव्हता. उपकार वाटत होते. का, तेही सांगितलं पाहिजे.

महाराष्ट्र राज्य झालं आणि बुलढाण्यात नव्या कचेऱ्या निघाल्या. बाहेरगावचे नोकरदार बिऱ्हाडं घेऊन येऊ लागले. चिखली रोडच्या अंगाला काल-परवापर्यंत ज्वारी उभी असायची. तिथं चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, विटांचे ढीग आले. बघता बघता ओळीनं इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकीवर पाटी : खोली भाड्याने देणे आहे.

मी देऊळघाटचा. आमच्या घरातला पहिला बी.ए. शाळेत एका गुरुजींनी मला दाराबाहेरून उठवून आत बसवलं. पुढं बोर्डिंगात पोटभर जेवण मिळालं, म्हणून शिकलो. हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता एक खोली मिळाली की झालं.

खोली मिळेना. मालक आधी नोकरी विचारायचे आणि खूश व्हायचे. मग गाव विचारायचे. मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. पाटी मात्र तशीच. मी शाळेतच झोपू लागलो. हेडमास्तर म्हणाले, “शिक्षकाची वळकटी वर्गात बरी दिसत नाही. सोय करा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

अशा वेळी वकीलसाहेबांनी खोली दिली. आठ बिऱ्हाडांची नवीकोरी इमारत, मागं विहीर, स्वतः मालक खालच्या मजल्यावर. “मी जात मानत नाही, मास्तर,” ते म्हणाले. “कायदा शिकलेला माणूस आहे. फक्त विहिरीला हात लावू नका. पाणी आमच्या घरून मिळेल. बाकीच्या बिऱ्हाडांचाही विचार करावा लागतो.”

मी हात जोडले. दोन्ही हात.

बाजाराच्या दिवशी माय आली. डोक्यावर टोपली, टोपलीत भाकरी आणि ठेचा. ती बुलढाण्याला बांधकामावर जायची हे मला माहीत होतं. कुठल्या बांधकामावर, ते मी कधी विचारलं नव्हतं. ती दारात आली, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि भिंतीवर थाप मारून हसली.

“अरे, हे तं माह्या हातची भित आहे! इथं राहून राह्यला तू?”

“तू इथं होतीस?”

“हाव. त्या मांगच्या विहिरीचं पानी काढू काढू म्या याईले पाजलं. नव्या भितीले पानी नाही भेटलं तं ते तडकते, बाबू. तान्ह्या लेकरावानी पाजा लागते.”

ती इतकी खूश होती. लेकाची खोली तिच्याच भिंतींची निघाली होती. विहिरीचं तिला कसं सांगावं ते मला कळेना. मी शब्द जुळवत होतो तोवर तिनं कोपऱ्यातली बादली उचलली आणि ती मागं गेलीसुद्धा. तिच्या पायांना ती वाट पाठ होती. मी धावलो. तोवर बादली आत गेली होती आणि दोर तिच्या हातात होता.

“ए बाई! दोर सोड! आधी दोर सोड!”

वकीलीणबाई ओट्यावर उभ्या होत्या. मायला वाटलं, ओळखलं नसेल. ती हसतच म्हणाली, “बाई, वळखलं नाही काय मले? मी इथं कामाले होती ना!”

“ओळखलं. तेव्हा बांधकाम होतं. आता माणसं राहतात.”

आता माणसं राहतात.

मायच्या हातून दोर सुटला. रहाट गरगर फिरला, खाली बादली आपटली. दारं उघडली. शेजारचे पोस्टातले कारकून रोज माझ्याकडचा पेपर वाचायला नेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

वकीलसाहेब बाहेर आले. शांतपणे म्हणाले, “विहीर उपसावी लागेल.” मग माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्ही समजदार आहात. आईला एवढंच म्हणायला सांगा, चुकलं. भाडेकरूंना मी समजावतो. इतके उपकार केले तुमच्यावर, एवढी तरी जाण ठेवा.”

माय माझ्या कानाशी कुजबुजली, “म्हनते मी, बाबू. त्यात काय जाते माहं? तुही खोली जाईन, नोकरी जाईन.”

तिनं हात जोडायला उचलले. तळहातांना चुन्यानं पडलेल्या भेगा मी तेव्हा जवळून पाहिल्या. उपकार कोणाचे? कोणी कोणावर केले? मी हात जोडले ते कोणासमोर?

मी तिचे हात धरून खाली केले.

“नको म्हणू, माय.”

मग वळलो. “वकीलसाहेब, पाणी बाटलं असेल तर विहिरीनं भागणार नाही. आठही घरं पाडा. सगळ्या भिंती हिच्या हातचं पाणी प्यायल्यात.”

मी विहिरीवर गेलो आणि दोर धरला. त्या इमारतीत आल्यापासून पहिल्यांदा. बादली वर ओढली, तांब्या भरला, मायला दिला. तिनं आधी वकीलसाहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग प्याली.

“थेच पानी आहे,” ती म्हणाली.

वकीलसाहेबांचा चेहरा आता शांत नव्हता. “आजच्या आज खोली खाली करा!”

“नाही करत. दावा लावा. तुमच्याच कोर्टात. खोली कशासाठी खाली करून पाहिजे ते कारण अर्जात लिहा आणि न्यायाधीशांसमोर मोठ्यानं वाचा.”

अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी रहाटावर दोर नव्हता. मी बाजारातून नवा आणला. तो कोणीतरी कापला. मी आणखी एक आणला. आता तो खोलीत उशाशी ठेवतो, सकाळी नेतो, पाणी काढतो, परत आणतो. माझ्याशी इथं कोणी बोलत नाही. हेडमास्तरांनी दोनदा बोलावून ‘जमवून घ्या’ सांगितलं. भीती वाटते. नोकरी जाऊ शकते, हे मला कळतं.

दावा अजून लागलेला नाही. लागला तरी निकाल होईपर्यंत मी ही खोली सोडणार नाही. दावा लागला, तर माझा साक्षीदार ठरलेला आहे : माय. ती देऊळघाटहून चालत येईल, पिंजऱ्यात उभी राहील, आणि ही भिंत कोणाच्या हातचं पाणी पिऊन उभी राहिली ते वऱ्हाडीत सांगेल. त्या दिवशी मागं कोणाला व्हावं लागतं, ते मला पाहायचं आहे.